राणीचा प्रवेश परत घाला
झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांना आणि गावोगावच्या आयोजकांना खुले पत्र

नाट्यमंडळांचे मालक, लेखक, दिग्दर्शक आणि गावोगावची आयोजक मंडळं, तुम्हा सगळ्यांना रामराम, जय भीम, जय सेवा, जय गुरू.

चारही नमस्कार एका दमात घातले, कारण आपल्या मंडपात ते चारही म्हणणारी माणसं रात्रभर मांडीला मांडी लावून बसतात. एखादा राहिला असेल तर तोही घातला असं समजा.

धान निसवायला लागलंय. वडशाला नाटकमंडळांच्या ऑफिसांच्या पाट्या पुसून पुन्हा टांगल्या जातायत, तारखा धरायला गावोगावची पोरं येऊ लागलीयत. भाऊबीजेची पहिली मंडई, म्हणजे आपली गावजत्रा, झाली की तुमच्यापैकी कोणाला श्वास घ्यायची सवड उरणार नाही, पत्र वाचणं तर दूरच. म्हणून आत्ताच लिहितो, आपल्या मुलखाचा इतिहास न कापता मंचावर आणा, एवढंच मागायला.

मी प्रॉम्प्टर. बावीस हंगाम विंगेत बसून पुस्तक वाचलं. पुण्या-मुंबईकडच्या कोणाच्या हाती हे पत्र पडलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकांचा हंगाम चालतो. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवताना पडतो. मुख्य कलावंत आज एका गावात, उद्या पन्नास मैलांवर. नाटक रोज नवं, तालीम जेमतेम, त्यामुळे नट जितका स्वतःच्या आठवणीवर चालतो तितकाच आमच्या कुजबुजीवर चालतो. हिरोच्या तोंडचं वाक्य आधी माझ्या तोंडून जातं. टाळी त्याला मिळते, माझी तक्रार नाही. पण या धंद्यात एक गोष्ट कळते, जी पुढे खुर्चीवर बसणाऱ्याला कळत नाही. कोणत्या वाक्याला मंडप गप्प होतो, ते मला विंगेतून ऐकू येतं. टाळ्या-शिट्ट्या सगळ्यांनाच ऐकू येतात. चार हजार माणसं एकदम गप्प होतात तो आवाज वेगळा.

तो आवाज मी कौटुंबिक नाटकांत ऐकलाय. कुंकू, माहेर, सवत, भाऊबंदकी यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनीच माझं घर चालवलं. शिवाजी महाराजांच्या, संभाजी महाराजांच्या नाटकांतही ऐकलाय. रायगड आमच्यापासून किती लांब, तरी आमची म्हातारी माणसं महाराजांच्या नाटकाला पागोटं सारखं करून बसतात. ते तसंच चालू राहो.

माझं म्हणणं आपल्या पायाखालच्या इतिहासाबद्दल आहे. तो आपल्या हंगामात येतो कसा आणि किती? अधूनमधून वीर बाबुराव शेडमाक्यांवर नाटक येतं. बेचाळीसच्या चिमूरचं नाव एखाद्या भाषणात येतं. नाही असं नाही. पण येतं ते हार घालून येतं. आधी आरती, मग घोषणा, मग फाशी, मग जयजयकार. बघणारा उठतो तेव्हा त्याला नवं काहीच कळलेलं नसतं. पुतळ्याला रंग दिला तर तो पुतळाच राहतो.

एक प्रसंग सांगतो. मंडळाचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. मंडळ चांगलं होतं, गाव तर त्याहून चांगलं.

बाबुरावांवरचं नाटक होतं. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी सगळ्यांसाठी थोडक्यात. १२ मार्च १८३३ ला आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या किष्टापूरला जन्म. बाप पुल्लेसूरबापू, मोलमपल्लीचा जमीनदार. पोरगा रायपूरला शिकून आला. १८५७ मध्ये त्याने तरुणांना गोळा करून जंगोम दल उभारलं, १८५८ च्या मार्चमध्ये राजगड परगणा घेतला, इंग्रजांच्या फौजेशी नांदगाव-घोसरीला लढला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला टेलिग्राफवाल्यांच्या तळावर हल्ला झाला, गार्टलँड आणि हॉल नावाचे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन हात धुऊन मागे लागला, बक्षीस लावलं, तरी जंगलात त्याला बाबुराव सापडेना. सापडले ते अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीने. सप्टेंबरात पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलात पिंपळाखाली फासावर गेले. वय पंचवीस. तो पिंपळ दाखवायला आजही लोक पोरांना घेऊन जातात.

झाशीच्या राणीचं आणि अहेरीच्या राणीचं नाव एकच, आणि सालही तेच, १८५८. एखाद्या लेखकाला हा योगायोग कल्पनेतून सुचला असता तर आपणच म्हटलं असतं, फार जुळवून आणलंय बुवा.

तर त्या नाटकात राणीचा प्रवेश होता. पाच पानांचा. लेखक नवखा होता, पण त्या पाच पानांत त्याला काहीतरी गवसलं होतं. राणी एकटी बसलीय, क्रिक्टनचा माणूस बाहेर उत्तराची वाट बघतोय. ती बाबुरावाला शिव्या देत नाही, इंग्रजाला मुजरा करत नाही. ती आपल्या दिवाणाला विचारते, गावं किती आहेत आपली? तो सांगतो. मग विचारते, त्यातली जाळायला सायबाला किती दिवस लागतील? दिवाण गप्प. तालमीत हे वाचताना मी स्वतः पुढची ओळ द्यायला विसरलो होतो.

प्रयोगाच्या दुपारी आयोजकांतले दोन-तीन जण आले. म्हणाले, राणीचं नको. कोणाचं तरी मन दुखेल. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाला धरून दिलं, हे मंडईच्या दिवशी कशाला? मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी लाल पेन काढला. राणीच्या जागी एक सावकार आला, काळा कोट, सोन्याची साखळी, दारूची बाटली, तुम्ही शंभर वेळा बघितलेला. त्याने बाबुरावाला दगा दिला, मंडपाने त्याला शिव्या घातल्या, सगळे खूश.

पहाटे सामान आवरताना एक आजी विंगेपाशी आली. पाठ वाकलेली, हातात काठी. मला म्हणाली, "बापू, रानी कोटी गेली गा?"

मी म्हटलं, आजी, वेळ नव्हता, कापलं.

ती म्हणाली, आमच्या गाण्यात हाये ते. आणि गेली.

तिला जे माहीत होतं ते आम्ही तिच्यापासून लपवलं होतं. तिचं मन दुखेल म्हणून! त्या पाच पानांचा लाल रंग अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हे पत्र.

बाबुरावांच्या फाशीचा प्रवेश तुम्ही करता, त्यात दोर तुटतो. लोक सांगतात की दोर तुटला, पुन्हा लावला, पुन्हा तुटला. बांबूच्या रानातला ताडवा खाल्ल्याने त्यांचं अंग लोखंडाचं झालं होतं, असंही सांगतात. शेवटी चुनखडीत घातलं म्हणतात. हे सगळं करा, जरूर करा, मंडप उभा राहतो त्या जागी. पण नाटक म्हणाल तर ते दोरात नाही. ते त्याच्या आधीच्या रात्रीत आहे, अहेरीच्या वाड्यात. एका जमीनदाराने जंगलाची वाट धरली, दुसऱ्या जमीनदारणीने गादी राखली. पुढे अडपल्ली-घोटची जमीनदारी जप्त होऊन अहेरीकडे आली. हे तिला आधी ठाऊक होतं का? त्यासाठीच तिने केलं का? की क्रिक्टनने तिच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवला नाही? कागद याचं उत्तर पूर्ण देत नाही. नाटकाने द्यायचं असतं, किंवा न देता मंडपाला घरी पाठवायचं असतं. खलनायक करून तिला मोकळं केलंत तर तीही वाया गेली आणि बाबुरावही.

आणि भाषा. हे मी विंगेतून सगळ्यात जास्त सोसलंय. आपल्या नाटकात झाडीबोली कोण बोलतं? गडी. वेंधळा नोकर. बावळट सोंगाड्या. हिरोने तोंड उघडलं की सदाशिव पेठ. "मी हे कदापि सहन करणार नाही" असं म्हणणारा किष्टापूरचा गोंड तरुण मी स्वतः प्रॉम्प्ट केलाय, आणि तेव्हा समोर बसलेले दोन गोंड म्हातारे एकमेकांकडे बघून हसत होते ते पडद्याच्या फटीतून पाहिलंय. बाबुराव घरी गोंडी बोलले असतील. चार वाक्यं गोंडीत घाला की! समजलं नाही तरी कळतं. अहेरी-भामरागडच्या बाजूचे प्रेक्षक तर त्या चार वाक्यांवर पुढची दोन वर्षं तुमचं नाव घेतील. आणि आपली बोली दुःख बोलू शकते की नाही, ही शंका ज्याला असेल त्याने मयताच्या घरी जाऊन दारात उभं राहावं.

चिमूरचं सांगायला हात जड होतो.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आधीच तापलेलं गाव. मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. मग जमाव भडकला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे. फौज आणि पोलीस आले, गावातले पुरुष धरून नेले, मागे राहिल्या बाया. त्यांच्यावर जे झालं त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस अन्न सोडलं. त्या उपोषणाची बातमी छापायला सरकारने बंदी घातली होती. तुकडोजी महाराज तुरुंगात गेले. फाशीच्या शिक्षा सुनावलेल्यांना वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळ्यांनी रान उठवलं आणि त्या शिक्षा पुढे जन्मठेपेवर आल्या.

आता हे करायचं म्हटलं की मला दोन भीती वाटतात. पहिली, आपण जमावाने केलेल्या खुनांचा प्रवेश गाळू, म्हणजे हातच स्वच्छ. तसं करू नका. नागपंचमीच्या सकाळी लाह्या वाहणारा माणूस दुपारी दगड उचलतो, आणि संध्याकाळी आपल्याच हाताकडे बघत बसतो. त्याला उभा करा.

दुसरी भीती मोठी. आपल्या रंगमंचावर बाईवरच्या अत्याचाराचा प्रवेश कसा होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. लाल लाइट, ऑर्गनचा कर्कश सूर, ऑक्टोपॅडचा धडधडाट, पदर ओढणं, आणि मागच्या रांगेतून शिट्टी. ती शिट्टी मी ऐकलीय. चिमूरच्या बायांच्या वाट्याला, इतक्या वर्षांनी, आपल्या मंडपातून ती शिट्टी जाता कामा नये. जाणार असेल तर चिमूर करूच नका.

पण करता येतं. त्या वेळी नागपूरहून काही महिला चिमूरला गेल्या होत्या, घरोघर जाऊन त्यांनी बायांच्या जबान्या घेतल्या होत्या. एवढ्यावर अख्खा अंक उभा राहतो. मंचावर एक बंद दार. बाहेर परकी बाई, वही-पेन घेऊन बसलेली. आतून फक्त आवाज. आतली बाई एक वाक्य सांगते, थांबते, मग भाकरीचं काहीतरी विचारते, मग पुन्हा एक वाक्य. दार उघडत नाही. ऑर्गनवाल्याला त्या अंकापुरता चहा प्यायला पाठवा. आमच्याकडच्या दोन-तीन नटी मला माहीत आहेत, हा आवाज त्या असा काढतील की मागच्या रांगेतल्या पोराला शिट्टी वाजवायला ओठ सापडणार नाहीत. त्यांना वर्षानुवर्षं रडायला आणि नाचायलाच लावलंय आपण.

आणि खंजिरी. तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या वाद्यवृंदात परत आणायला हे नाटक याहून चांगलं निमित्त कोणतं?

आता जरा हलकं. मला विचाराल तर सगळ्यात धमाल नाटक तलावाचं होईल. तुम्ही म्हणाल, तलावावर काय नाटक? अरे, झाडीपट्टीत तलावावाचून दुसरं आहे काय! आपल्याकडे हे तलाव बांधले कोणी? राजांनी म्हणावं तर गोंड राजांनी जमीन दिली, पाणी अडवील त्याला कसायला मिळेल असा त्यांचा कौल. कोहळी समाजाने पाळ, म्हणजे तलावाचा बांध, टाकली, पाण्याची वाटणी बसवली. माती मात्र कोणी वाहिली, हे कोनशिलेवर नाही, कारण कोनशिलाच नाही. नवेगाव बांधला गेलात तर कोलू पाटलाची गोष्ट ऐकायला मिळते, सात बहिणींच्या टेकड्या दाखवतात. पुढे मालगुजार आले, तलाव त्यांचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. त्याचं लोकांनी केलं मामा तलाव. आता मामाचा तलाव म्हटल्यावर भाच्यांचा हक्क आलाच. कोणी पाळ खणून आपली बांधी, म्हणजे धानाचं शेत, वाढवली, कोणी पोटात धान लावलं, कोणी गाळ नेला, कोणी मासे. खडी गंमत या आपल्या लोकनाट्यातल्या सोंगाड्याला एवढं द्या आणि बाजूला व्हा. हिरो नाही, खलनायक नाही, फाशी नाही. पाणी सोडायच्या रात्री वरच्या बांधीवाला आणि खालच्या बांधीवाला कुदळी घेऊन पाळीवर समोरासमोर उभे. समोर बसलेल्या चार हजारांतल्या निम्म्यांनी ते भांडण स्वतः केलेलं असतं.

माझ्या एका जुन्या नाटकात, विषय भलताच, भाऊबंदकीचा, पहाटे तीनच्या सुमाराला एका नटाने पदरचं वाक्य घातलं. पुस्तकात नव्हतं. भावाला म्हणाला, बांधी वाटून घेतली, धुरे वाटून घेतले, आता पावसालाही सांग कोणाच्या बाजूला पडायचं ते. झोपलेला मंडप जागा झाला. तो मघाशी म्हटलेला आवाज मी तेव्हा ऐकला. तेव्हापासून मला वाटतं, तलाव हाच आपला मोठा विषय.

चांद्याची राणी हिराई हाही विषय आहे. बीरशाहाच्या मागे राज्य सांभाळणारी, त्याची समाधी बांधणारी. कपडेपट महाग पडेल, मान्य. परकोटाचा पडदा मात्र एकदा रंगवून घेतला की दहा हंगाम चालतो, आणि जटपुरा गेट ओळखून चांद्याचे लोक पडद्यालाच टाळी देतील.

१६ ऑक्टोबर १९५६ कोणी केलंय का? नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला आले, तिथे दीक्षा झाली. त्याआधी १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक हरले होते, हेही आपलंच. ज्यांनी तेव्हा मत दिलं नाही आणि दोन वर्षांनी जे बंडी जुंपून चांद्याला निघाले, अशी एकाच घरातली माणसं रंगवता येतात. मला त्या घरातली म्हातारी दिसते. देव्हाऱ्यातला टाक हातात घेऊन बसलीय. पोरगा म्हणतो, चल, बंडी तयार आहे. ती विचारते, याला कुठं ठेवू? हा प्रवेश लिहायचा तर लेखक त्या घरातलाच हवा, मी लिहू नये. पण पुस्तक वाचायला बोलावलंत तर येईन.

जंगलावरचा आणि बांबूवरचा हक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखाचा बांबूही नाटकात यायला हरकत नाही, गाव आहे, माणसं आहेत, विचारून करा.

आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत, प्रॉम्प्टर आहे मी. पहिलं उत्तर: चालत नाही. आयोजक डान्स विचारतात, हिरॉइन कोण ते विचारतात. खरं आहे, मी ऑफिसात बसून ऐकलंय. डान्सला माझा विरोध नाही. दंडारीत नाच नव्हता काय? आपलं नाटक आलंच तिथून. पण बाबुरावांना पकडल्यावर आणि फाशी देण्याच्या आधी सिनेमाच्या गाण्यावर डान्स टाकता, तेव्हा फाशीची घाई झाल्यासारखी वाटते हो. पहिल्या अंकात टाका. चिंचगुंडीच्या आदल्या रात्री गावात ढोल वाजला असेलच की, रेला नाचले असतील. खरा नाच तिथे बसतो. सिनेमाचा मात्र त्या नाटकात नको, त्याला हंगामात बाकी शंभर रात्री आहेत.

दुसरं उत्तर: वाद होतील. होतील. मुंबईच्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं म्हणजे कायदा भागतो, गाव भागत नाही. म्हणून प्रयोगाआधी वाचन करा. बाबुरावांचं नाटक असेल तर गोंड समाजाच्या जाणत्यांपुढे, चिमूरचं असेल तर चिमुरात, त्या घरांतल्या लोकांपुढे. ते चुका सांगतील, त्या दुरुस्त करा. ते एखादा प्रवेश काढा म्हणतील, तेव्हा का ते विचारा. पुष्कळदा उत्तरातच त्याहून चांगला प्रवेश मिळतो. माझ्या त्या गावात कोणी विचारलंच नव्हतं. कोणाचं मन दुखेल हे तिघांनी दुपारी बसून ठरवलं, आणि ज्या आजीचं मन त्यांनी जपलं ती पहाटे येऊन राणी शोधत होती.

खरं काय आणि ऐकीव काय, यावरून भांडणं होतात त्यावरही इलाज आपल्याच पेटीत आहे. खडी गंमतीतला सोंगाड्या मधेच पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो ना? त्यालाच सांगू द्या. हे कागदात आहे. हे आजीने सांगितलंय. हे आमच्या लेखकाने रात्री दोन वाजता लिहिलंय, त्याला माफ करा. लोक हसतील आणि भांडायचं विसरतील.

तिसरं उत्तर पैशाचं. इथे मी मालकांच्या बाजूने आहे. एका पावसाने धान झोपलं की बुकिंग झोपतं, ऑर्गनवाल्याची उचल आधीच गेलेली असते, आणि नवं नाटक पडलं तर तो तोटा कोणी भरून देत नाही. म्हणून हे पत्र मालकांइतकंच आयोजक मंडळांना आहे. दादांनो, तारीख धरायला वडशाला याल तेव्हा एवढंच म्हणा: आम्हाला आपल्या इकडचं नाटक पाहिजे, आणि राणी कापू नका. दहा गावांनी म्हटलं तरी मालक लेखकाला बोलावतो. जिथे मंडईच्या रात्री गावात दोन-दोन नाटकं लागतात तिथे एक तरी असं लावता येतं. पाहुणे येतात, माहेरवाशिणी येतात, सोयरिकी जुळतात त्या रात्री. लेकीच्या सासरच्यांना दाखवायला आपल्या गावाजवळचं काही असलं तर वाईट दिसत नाही.

लेखकांना एकच सांगणं. जन्मसाल ते मृत्युसाल असं लिहू नका. शाळेत ते झालंय. एक रात्र घ्या. अहेरीची, चिमूरची, पाळीवरची, चांद्याला निघालेल्या बंडीतली. आपलं नाटक तसंही एका रात्रीचंच असतं.

२०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण फटाके फोडले. झाडीपट्टीचा नट दिल्लीला गेला म्हणून छाती फुगली. तेव्हापासून बाहेरचे लोक, पत्रकार, कॅमेरेवाले आपल्याकडे येऊ लागलेत. ते मंडप बघतात, गर्दी बघतात, पहाटेपर्यंत जागणाऱ्या बायाबापड्या बघून थक्क होतात. आणि मग विचारतात, यात तुमचं काय? एकाने मलाच विचारलं. मी बोली म्हटलं, दंडार म्हटलं, धान म्हटलं. त्या रात्री मंचावर मुंबईच्या बंगल्याचा पडदा होता, जिना आणि झुंबर असलेला.

एक कामाचं सांगून थांबतो. लाल शाईने खोडलेली ती पाच पानं मी स्वच्छ कागदावर परत उतरून ठेवली आहेत. लेखकाला विचारलं, तो हो म्हणाला. दिवाणाच्या तोंडची दोन वाक्यं मी झाडीबोलीत करून पाहिलीत, लेखकाला आवडली, तुम्हाला नाही आवडली तर जुनी आहेतच. ज्या मंडळाला हवी असतील त्याने दसऱ्याच्या आत निरोप द्यावा. हा हंगाम गुडघ्यांमुळे मी घेणार नव्हतो. पण त्या प्रयोगाला येईन, विंगेत स्टूल तेवढं उंच ठेवा. बॅटरी लागणार नाही, तो प्रवेश मला पाठ आहे.

आपला,
विंगेतला एक प्रॉम्प्टर